शिगम्याच्या टेपा, चवथ आणि बिटरेट: नवीन फॉरमॅटमध्ये नेताना आकडा किती ठेवायचा?

घुमटशामेळ
मंडळी, मदत हवी आहे, जरा लांबड लागेल. आमच्या वाड्यावरच्या (फोंडा तालुका) जत्रेतली नाटकं आणि शिगमो (आमचा होळीच्या वेळचा उत्सव) २००३ ते २००६ या काळात एका मामांनी मिनीडीव्ही कॅमेऱ्यावर शूट केलेला. त्या ११ टेपा नंतर एका मित्राने फायरवायरने कॉम्प्युटरवर उतरवल्या, एकेक तासाची एव्हीआय फाइल सुमारे १३ जीबीची. शिवाय ३ डीव्हीडी आहेत, त्यांच्या मूळ टेपा बुरशी येऊन गेल्या (आपल्याकडचा पाऊस, काय सांगायचं). सगळं मिळून १४ तास भरतात. यंदा चवथीला (गणेशचतुर्थी) सगळे मुंबई-पुण्याहून घरी येणार तेव्हा प्रत्येक घराला एक १६ जीबीचा पेनड्राइव्ह द्यायचा असं मीच शेखी मिरवत बोलून बसलो. तीन आठवडे उरले.

आता घोळ असा. हँडब्रेकमध्ये (व्हिडिओचा फॉरमॅट बदलायचं सॉफ्टवेअर) एच.२६४ घेतलं आणि मूळ फाइलचा बिटरेट (सेकंदाला किती किलोबिट) २५००० दाखवत होता म्हणून तोच टाकला, तर १३ ची ११ जीबी झाली, रात्रभर पंखा घरघरला तो फुकट. मग चिडून ८०० टाकला. नाटक ठीकठाक दिसतंय, पण रोमटामेळात (शिगम्याची नाचती मिरवणूक) गुलाल उडाला की पडद्यावर नुसत्या शंकरपाळ्या. कुठेतरी वाचलं की एच.२६५ ला अर्धा बिटरेट पुरतो. म्हणजे २५००० चे १२५०० करायचे का? की काही ठरलेला हिशेब असतो, अमुक फॉरमॅटमधून तमुक फॉरमॅटमध्ये जाताना इतक्याने भागा असा?

बोंडू
चवथीला तीन आठवडे म्हणजे अजून माटोळीचं (गणपतीच्या वर बांधतात ती) सामान पण ठरलं नसेल, तुम्ही बिटरेट ठरवताय. चालू द्या.

रापणकार
घुमटराव, भागायचा आकडा शोधू नका, तसा आकडा नाहीच. मूळ फाइलचा बिटरेट बघून नवीन फाइलचा ठरवणं म्हणजे पाटी भरून बर्फ आणि पाटी भरून सुंगटां (कोळंबी) यांचं वजन एक म्हणून भाव एक लावण्यासारखं आहे.

डीव्ही (१९९५ चं तंत्र) प्रत्येक फ्रेम स्वतंत्र दाबतं, आधीच्या फ्रेमशी काही देणंघेणं नाही. म्हणून त्याला सेकंदाला २५ मेगाबिट लागतात आणि तो ते ठरावीकच खातो, स्टेजवर राजा नाचत असो की पडदा पडलेला असो. एमपेग-२ (तुमच्या डीव्हीडी) आणि एच.२६४ हे फ्रेमाफ्रेमांतला फरक तेवढा साठवतात. मागचा रंगवलेला राजवाड्याचा पडदा तीन तास तसाच आहे, तो परत परत कशाला लिहायचा? त्यामुळे त्याच चित्राला एच.२६४ मध्ये दहावा हिस्सा पण पुरू शकतो. आणि गुलाल उडाला की नाही पुरत, कारण प्रत्येक कण नवीन जागी, आधीच्या फ्रेममधून उचलण्यासारखं काही मिळत नाही.

म्हणून बिटरेट टाकूच नका. हँडब्रेकमध्ये 'कॉन्स्टंट क्वालिटी' आहे ना, आरएफ लिहिलेलं, त्यालाच सीआरएफ म्हणतात. एक्स२६४ एन्कोडर (एच.२६४ फाइल बनवतो तो), आकडा २०, प्रीसेट स्लो. तो स्वतः ठरवेल कुठे किती बिट द्यायचे. आकडा जितका लहान तितकं चित्र चांगलं आणि फाइल मोठी. १८ च्या खाली गेलात तर डोळ्याला फरक दिसायचा नाही, नुसती हार्डडिस्क भरेल.

हिशेबनीस
रापणकारबाब, तुमचं सगळं बरोबर, पण त्यांनी १६ जीबीचा पेनड्राइव्ह म्हटलंय हे विसरलात. सीआरएफ लावून १४ तास एन्कोड केले आणि शेवटी २२ जीबी झाले तर काय पेनड्राइव्ह ताणून मोठा करणार? जागा ठरलेली असेल तर टू-पास, दुसरं काही नाही.

हिशेब सोपा आहे, चौथीतलं गणित. १६ पैकी १५ जीबी धरा. १५ × ८ = १२० गिगाबिट, म्हणजे १२ कोटी किलोबिट. १४ तासांचे सेकंद ५०४००. भागा, २३८० येतात. आवाजाला १६० ठेवा (एएसी, पुरतो), उरले २२२०, थोडं इकडेतिकडे होतं म्हणून २२०० टाका. सगळ्या फायलींना २२००, टू-पास, विषय संपला. पहिल्या फेरीत तो नुसतं बघतो कुठे गुलाल कुठे पडदा, दुसऱ्या फेरीत त्याप्रमाणे वाटतो.

बोंडू
३२ चा पेनड्राइव्ह घ्या, विषय त्याहून लवकर संपेल 😄

घुमटशामेळ
@बोंडू ४० घरं आहेत बाबा आणि १६ चे ४० आधीच आणून ठेवलेत, घाऊक भावात. म्हणून तर.

@रापणकार, @हिशेबनीस देव बरें करूं दोघांचं. पण आता दोन वाटा झाल्या. आणि एच.२६५ चं काय ते कोणी सांगितलं नाही.

संकासुर
२६५ च घ्या. २०१३ चं आहे, २६४ २००३ चं. दहा वर्षांनी नवीन. अर्ध्या बिटरेटमध्ये तेच चित्र, सगळीकडे लिहिलंय. २२०० मध्ये २६५ म्हणजे ४४०० च्या २६४ सारखं. मी तर आता त्याहून नवीन एव्ही१ वर गेलोय, अजून लहान होतं.

रापणकार
संकासुरा, सगळीकडे लिहिलंय ते फोर-के आणि एचडीसाठी लिहिलंय. एच.२६५ चा मोठा फायदा मोठ्या चौकोनांतून येतो, ६४ बाय ६४ पर्यंतचा ठोकळा तो एकदम हाताळतो, २६४ चा १६ बाय १६. मोकळं आभाळ, सपाट भिंत अशा ठिकाणी ते कामाला येतं. इथे चित्र ७२० बाय ५७६, त्यात शंभर माणसं आणि झेंडे. सपाट जागा आहेच किती? फायदा होईल, पण अर्धा विसरा. मी माझ्या टेपांवर करून बघितलं तर पाव हिस्सा वाचला असेल नसेल, वेळ मात्र तिप्पट.

आणि एक. दोघांचे सीआरएफचे आकडे एकमेकांना लावू नका. एक्स२६४ चा ठरलेला २३ आहे, एक्स२६५ चा २८, एव्ही१ च्या एसव्हीटी एन्कोडरचा ३५. नाव एक, पट्टी वेगळी. लोक २६४ चा २० बघतात, २६५ ला पण २० च लावतात आणि मग फाइल मोठी झाली म्हणून इथे येऊन रडतात.

माटोळीवाली
तांत्रिक कळत नाही फारसं पण एक विचारते. ज्यांना देणार त्यांचे टीव्ही कुठले आहेत? आमच्याकडे पेडण्याला सासऱ्यांच्या खोलीत जुना टीव्ही आहे, गेल्या वर्षी भाच्याने लग्नाचा व्हिडिओ दिला तो नुसता काळा, खाली आवाज. 'फॉरमॅट सपोर्ट होत नाही' असं काहीतरी येतं. नंतर कळलं तो एच.२६५ होता. म्हातारी माणसं टीव्हीवरच बघणार ना, फोनवर थोडीच.

हिशेबनीस
ताईंनी एका वाक्यात निकाल लावला. २६४, ८ बिट, एमपी४. दहा बिटवालं २६४ पण करू नका, बरेच टीव्ही ते चालवत नाहीत.

आणि पेनड्राइव्ह फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तर एक फाइल ४ जीबीच्या वर जात नाही. पाच अंकी नाटक जोडून एक फाइल केली तर पाच तासांची ५ जीबीवर जाईल, कॉपीच होणार नाही. अंकाअंकाने वेगळ्या ठेवा. एक्सफॅट करता येतं, पण जुना टीव्ही तेही ओळखेल याची खात्री नाही.

जुना_शूटिंगवाला
हा धागा वाचून बरं वाटलं. मी डिचोलीचा, लग्नं-मुंजी शूट करायचो, आता बंद. आमच्या वेळी हीच भांडणं फक्त नावं वेगळी.

व्हीसीडी होती तेव्हा तर बिटरेट ठरवायचा हक्कच नव्हता. ११५० किलोबिट, ३५२ बाय २८८, एमपेग-१, घ्या नाहीतर सोडा. मंगलाष्टकं संपली, अक्षता उडाल्या की चौकोनच चौकोन. एका नवऱ्या मुलाच्या आईने मला विचारलेलं, माझी नथ कुठे गेली? काय सांगणार, नथ ११५० मध्ये मावली नाही.

मग डीव्हीडी आली. कमाल ९८०० किलोबिट व्हिडिओ. आम्हाला वाटलं राज्य आलं. पण गिऱ्हाईक म्हणायचं सगळं एकाच डीव्हीडीत घाल, हळदीपासून पाठवणीपर्यंत. ४.७ जीबी, तीन तास म्हणजे सगळं मिळून ३४८०. चालायचं. चार तास केले की २६०० आणि तिथे एमपेग-२ चा जीव जायचा. तेव्हा आम्ही एक करायचो, ७२० च्या ऐवजी ३५२ बाय ५७६. आडवी बारकाई अर्धी गेली पण चौकोन गेले. धूसर चित्राला कोणी नाव ठेवत नाही, चौकोनांना सगळे ठेवतात. हे आजही लागू आहे. बिटरेट खरोखरच तोकडा असेल तर चित्राचा आकार कमी करा, त्याच आकारात उपाशी मारू नका.

घुमटराव तुम्ही २२०० वर आहात, एच.२६४ ला ७२० बाय ५७६ मध्ये तेवढे बरे आहेत, आकार कमी करायची वेळ येणार नाही. पण आधी एक सांगा, डीइंटरलेस केलंत का?

घुमटशामेळ
शूटिंगवाले काका, ते काय असतं? नाचताना हातांच्या कडेला फणीच्या दातांसारख्या रेघा येतात त्या का? मला वाटलं टेप खराब.

जुना_शूटिंगवाला
तेच ते. टेप शाबूत आहे. आपल्याकडच्या 'पाल' या टीव्ही-पद्धतीचा कॅमेरा सेकंदाला ५० अर्धी चित्रं घेतो, एकदा विषम ओळी एकदा सम ओळी. दोन अर्धी जोडून २५ पूर्ण दाखवली की मधल्या वेळात हललेला हात दातेरी दिसतो. आणि बिटरेटच्या दृष्टीने हे फार वाईट, कारण त्या रेघा म्हणजे एन्कोडरला वाटतं ही केवढी बारीक नक्षी, तो बिचारा ती जपायला बिट ओततो. म्हणजे जे नको ते जपण्यात तुमचा अर्धा पैसा जातो आणि गुलालाला काही उरत नाही. तुमच्या ८०० वाल्या फायलीत निम्मं पाप याचं असणार.

हँडब्रेकमध्ये फिल्टर्समध्ये डीइंटरलेस, त्यात बीडब्ल्यूडिफ, प्रीसेट बॉब. फ्रेमरेट ५० होईल, घाबरू नका. फुगडी, तालगडी, रोमटामेळ, जे काही नाचाचं आहे ते ५० मध्येच जिवंत दिसतं. २५ केलंत तर थोडे बिट वाचतील पण नाच अडखळतो.

आणि डीव्हीमध्ये खालच्या ओळी आधी असतात, डीव्हीडीत बहुतेक वेळा वरच्या. सॉफ्टवेअर सहसा ओळखतं. नाही ओळखलं तर माणसं एक पाऊल पुढे दोन मागे करत थरथरतात, तेव्हा ओळींचा क्रम उलटा करून बघा.

निमूटवाचक
एक पाऊल पुढे दोन मागे, आमच्या रस्त्याच्या कामासारखं.

संकासुर
ग्राफिक्स कार्डचा एन्कोडर वापरा, १४ तास दोन तासांत होईल. रात्रभर पंखा कशाला.

रापणकार
होईल, पण तेवढ्याच बिटरेटमध्ये चित्र कमी प्रतीचं मिळेल. कार्डाला घाई असते, एक्स२६४ स्लो शोधत बसतो. जागा भरपूर असती तर मीही तेच सांगितलं असतं. इथे एकेक किलोबिट मोजायचाय, तर रात्री चालू करून झोपा. फक्त इन्व्हर्टर आहे ना बघा, या दिवसांत आपल्याकडे वीज कधी जाईल त्याचा नेम नाही आणि अर्धवट राहिलेली एमपी४ उघडत नाही.

माटोळीवाली
डीव्हीडीचं पण परत एन्कोड करायलाच हवं का? म्हणजे ते आधीच एकदा दाबलेलं आहे, परत दाबलं की अजून खराब होणार ना? झेरॉक्सची झेरॉक्स काढल्यासारखं.

रापणकार
ताई, अगदी हेच. जागा असेल तर डीव्हीडीतला एमपेग-२ व्हिडिओ न उलगडता तसाच दुसऱ्या डब्यात ठेवता येतो, मेकएमकेव्ही करतं ते. मिनिटांत होतं आणि काडीचंही नुकसान नाही. (हँडब्रेकला हे येत नाही, तो व्हिडिओ दरवेळी नव्याने शिजवतोच.) लोक फाइलचं शेपूट बदलण्यासाठी पण अख्खं एन्कोड करत बसतात. एमकेव्ही, एमपी४ हे डबे आहेत, आतलं जेवण वेगळं.

पण घुमटरावांच्या तीन डीव्हीडी भरलेल्या असतील तर तशाच ठेवून १३-१४ जीबी तिथेच संपले. त्यांना दाबावंच लागणार. आणि इथे एक गंमत लक्षात घ्या, स्रोतात चौकोन असतील तर नवीन एन्कोडर त्या चौकोनांच्या कडा पण इमानेइतबारे जपतो. म्हणजे खराब डीव्हीडीला चांगल्या टेपेपेक्षा कधी कधी जास्त बिट लागतात. म्हणूनच म्हटलं, भागायचा आकडा नाही.

हिशेबनीस
म्हणूनच टू-पास 😌

रापणकार
म्हणूनच सीआरएफ 😌

बोंडू
दोघांनी आधी एकत्र बसून चहा-पाव खा.

घुमटशामेळ
तीन रात्री खेळत बसलो होतो, आता अनुभव सांगतो. हँडब्रेकमध्ये सेकंद टाकून मधलाच तुकडा काढता येतो हे आजच कळलं, आधी मूर्खासारखा प्रत्येक वेळी अख्खी टेप लावत होतो.

दोन-दोन मिनिटांचे तुकडे घेतले, बीडब्ल्यूडिफ बॉब, एक्स२६४ स्लो, सीआरएफ २०. रोमटामेळ आणि गुलाल: ६१०० किलोबिट. नाटकातला दरबाराचा प्रवेश, दोन पात्रं उभी राहून बोलतायत: १४००. एकच आकडा, एकच कॅमेरा, आणि चौपटीहून जास्त फरक!

मग हिशेबनीसांच्या पद्धतीने दोन्हीला २२०० टू-पास लावला. नाटकात मला काही फरक दिसला नाही. गुलालात शंकरपाळ्या नाहीत पण रव्याचा लाडू फुटल्यासारखं झालं, कण जाऊन ढग उरला. बायको म्हणाली हा जास्त बरा दिसतो, तिचं वेगळंच.

रापणकार
बघा. नाटकाला १४०० पुरत असताना २२०० दिले आणि गुलालाला ६१०० हवे तिथेही २२००. हिशेबनीस, टू-पास एका फाइलच्या आत न्याय करतो, १४ फायलींमध्ये नाही करत. सगळ्यांना सारखं वाढलं की पेजेचा माणूस टाकून देतो आणि शितकडीचा उपाशी उठतो.

हिशेबनीस
मान्य. मी एका फाइलचा विचार करत होतो. पण तुमच्या सीआरएफने एकूण किती होईल ते तुम्ही अजून सांगितलेलं नाही, आणि पेनड्राइव्ह १६ चाच आहे.

तर मधला मार्ग. सगळ्या १४ तासांवर सीआरएफ २० ची एक फेरी मारा, फास्ट प्रीसेटवर, फायली टाकून देण्यासाठीच. एकूण किती जीबी झाली ते बघा. सीआरएफ ६ ने वाढवला की फाइल साधारण अर्धी होते, ३ ने वाढवला की सत्तर टक्क्यांवर. एकूण जर २१ झाली तर १५ ला आणायला ३ वाढवा. १९ झाली तर २. मग खरी फेरी स्लो वर. प्रीसेट बदलल्याने थोडं मागेपुढे होईल, त्याला एक जीबी हातात ठेवलाच आहे.

रापणकार
हे मला सुचायला हवं होतं. चहा माझ्याकडून.

जुना_शूटिंगवाला
आम्ही डीव्हीडीच्या वेळी असंच करायचो, फक्त त्या फेरीला आठ तास लागायचे आणि वीज गेली की परत पहिल्यापासून.

संकासुर
गाळणी पण लावा की, डीनॉइज. टेपेवर दाणे असतात, ट्यूबलाइटच्या उजेडात शूट केलं असेल तर भरपूर. दाणे म्हणजे प्रत्येक फ्रेममध्ये नवीन, गुलालाचाच भाऊ. हलकीशी लावली तरी २०-३० टक्के सहज वाचतात माझ्याकडे.

माटोळीवाली
जपून हं. आमच्या एका नातेवाइकांनी दुकानात टेपा दिल्या होत्या (नाव नाही घेत), त्यांनी इतकं स्वच्छ करून दिलं की माझी आजी मेणाची बाहुली दिसते. चेहऱ्यावरच्या सुरकुत्याच नाहीत. मूळ टेप पण त्यांनी 'आता कशाला लागते' म्हणून टाकून दिली. तिचं तेवढंच एक चित्रण होतं, पातोळ्या करताना हळदीच्या पानावर पीठ पसरतेय, जेमतेम पंधरा सेकंद.

जुना_शूटिंगवाला
अरेरे. ताई, त्या दुकानाने कच्चं कॅप्चर ठेवलं असेल का विचारून बघा, कधी कधी हार्डडिस्कवर पडलेलं असतं.

घुमटराव, हे ऐकून ठेवा. पेनड्राइव्हसाठी काय हवं ते दाबा, गाळा, कापा. त्या १४० जीबीच्या एव्हीआय मात्र हात न लावता दोन वेगवेगळ्या डिस्कवर आणि दोन वेगवेगळ्या घरांत ठेवा. २५००० चा आकडा फुकटचा वाटतो पण तो आहे म्हणून उद्या अजून चांगलं काही आलं तर परत मुळापासून काढता येईल. टेपा पण सिलिका जेलच्या पुड्या घालून बंद डब्यात.

घुमटशामेळ
दोन डिस्क झाल्या, एक मडगावला बहिणीकडे जाईल.

आजचा निकाल. पहिली फेरी सीआरएफ २० ला एकूण १९ जीबी. म्हणून २२ लावला, स्लो, गाळणी नाही लावली (ताईंचं वाचून हिंमत झाली नाही). एकूण १५.१ जीबी! पेनड्राइव्हवर गेलं. शिगम्याच्या चार टेपांनीच निम्मी जागा खाल्ली, बाकी दहा तास उरलेल्या निम्म्यात. टीव्हीवर बघितलं, गुलाल गुलाल दिसतो.

फक्त दोन गोष्टी. एक, एका नाटकात आवाज हळूहळू पुढे पळतो, तिसऱ्या अंकापर्यंत राजा आधी बोलतो आणि तोंड मग उघडतो. दोन, माणसं जरा रुंद दिसतायत काही टीव्हींवर.

जुना_शूटिंगवाला
आवाजाचं: त्या टेपेवर कॅमेरा १२ बिटवर असणार, ३२००० हर्ट्झ. बाकी टेपा १६ बिट ४८००० असतील. मामांनी मधेच बटण दाबलं असेल तर एकाच टेपेवर दोन्ही. जिथे बदलतं तिथे फाइल तोडा आणि वेगवेगळी एन्कोड करा, जुळेल.

रुंद माणसांचं: ७२० बाय ५७६ हे चार-तीनच्या चौकटीत दाखवायचं असतं, चौकोनी पिक्सेल धरले तर ७६८ बाय ५७६ होतं. टीव्ही ते सोळा-नऊला ताणत असेल. आधी टीव्हीच्या रिमोटवर चित्राचा आकार बदलून बघा, परत एन्कोड करत बसू नका.

घुमटशामेळ
रिमोटच होता. आणि आवाजाचं पण बरोबर निघालं, ४१ व्या मिनिटाला बदलतंय. तोडून केलं, जुळलं.

आता एक मजा सांगतो, मग गप्प बसतो. २००४ च्या नाटकात तिसऱ्या अंकात वीज गेली होती. मामांनी कॅमेरा बंद केलाच नाही, सहा मिनिटं मिट्ट काळोख. मला वाटलं चला, इथे तरी बिट वाचतील, काळ्याला काय लागणार. उत्सुकता म्हणून तेवढाच तुकडा सीआरएफ २२ ला काढला. ३९०० किलोबिट! उजेडातल्या राजाला ११००, आणि अंधाराला ३९००!! असं कसं?

रापणकार
हा हा हा. कॅमेरा अंधारात आपोआप गेन (सिग्नलची ताकद) वाढवतो. त्याला वाटतं काहीतरी दिसायला हवं, म्हणून तो दाणेच दाणे काढतो. तुमच्या डोळ्याला काळं दिसतं, एन्कोडरला तिथे मुंग्यांचं वारूळ दिसतं आणि तो एकेक मुंगी टिपतो. त्या सहा मिनिटांना मात्र गाळणी लावा, तिथे कोणाची आजी नाही.

हिशेबनीस
किंवा कापून टाका. १७५ एमबी वाचतील.

घुमटशामेळ
कापत नाही. काळोखात आधी शिट्ट्या, मग कोणीतरी घुमट वाजवायला घेतं, मग मागून एक जण ओरडतो "पात्रांव, फ्यूज पळय रे" (शेठ, फ्यूज बघ रे), आणि अख्खा मांडव हसतो. ओरडणारा कोण ते आम्हा सगळ्यांना आवाजावरून माहीत आहे. गाळणी लावली, ६०० वर आलं.

बोंडू
तो तुकडा इथे टाका की.

घुमटशामेळ
नुसता काळोख बघून काय करणार?

बोंडू
ऐकणार.